सुवर्णमुखी संत जॉन क्रिसोस्तम

१३ सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा संत जॉन क्रिसोस्तम यांचा सण साजरा करते. क्रिसोस्तम हे त्यांचे आडनाव नव्हे. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ 'सोन्याच्या मुखाचा' असा आहे. त्यांच्या प्रवचनांमुळे लोकांनी त्यांना हे नाव दिले. ते प्रवचनकारांचे आश्रयदाते संत आहेत.

चौथ्या शतकाच्या मध्यास अंत्युखिया शहरात त्यांचा जन्म झाला. वडील सैन्यात अधिकारी होते, पण जॉन तान्हे असतानाच ते वारले. आई अंथुसा विशीतच विधवा झाली. तिने पुन्हा लग्न न करता मुलाला वाढवले. लिबानियस या ख्रिस्तेतर गुरूकडे जॉन वक्तृत्वशास्त्र शिकले. श्रोत्याच्या बुद्धीला पटवणे, त्याच्या अंतःकरणाला हात घालणे आणि वक्त्याने आपल्या वागण्याने विश्वास मिळवणे, या तीन गोष्टींवर ते शास्त्र उभे आहे. पुढे जॉन डोंगरात तपश्चर्येला गेले. प्रकृती ढासळल्यावर परतले. ३८६ साली बिशप फ्लेवियन यांनी त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली.

दुसऱ्याच वर्षी कसोटी आली. नव्या करामुळे संतापलेल्या जमावाने सम्राट थिओडोशियस आणि त्याच्या कुटुंबीयांचे पुतळे फोडले. हा राजद्रोहच होता. धरपकड झाली, काहींना देहान्ताची शिक्षा मिळाली. सगळे शहर भीतीने गोठले. वृद्ध बिशप फ्लेवियन, बहीण मरणपंथाला लागलेली असतानाही, थंडीवाऱ्यात दूरच्या कॉन्स्टँटिनोपलला निघाले.

इकडे उपवासकाळात जॉन प्रवचने देत होते. त्यांनी आधी लोकांसोबत दुःख केले. नंतर धीर दिला. मग विचारले, की आपल्याला शिक्षेचे भय वाटते, पापाचे का वाटत नाही? शपथा वाहण्याची सवय सोडा, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावले. लोक टाळ्या वाजवत, पण त्यांना टाळ्या नको होत्या, हृदयपरिवर्तन हवे होते.

तिकडे बिशपांनी गुन्हा नाकारला नाही. ते सम्राटापुढे रडले. क्षमा केलीत तर तुमचे पुतळे लोकांच्या हृदयात उभे राहतील, असे त्यांनी सुचवले. सम्राट द्रवला. ईस्टरच्या सुमारास बिशप माफी घेऊन परतले. शहर वाचले.

३९८ साली जॉन कॉन्स्टँटिनोपलचे बिशप झाले. त्यांनी स्वतःचा खर्च कमी केला आणि गरिबांसाठी रुग्णालये उभारली. श्रीमंतांच्या चैनीवर ते स्पष्ट बोलत. त्यातून सम्राज्ञी युडोक्सिया आणि इतर बलवान लोक दुखावले. ४०४ साली त्यांना कायमचे हद्दपार केले गेले. १४ सप्टेंबर ४०७ रोजी, आणखी दूर नेले जात असता, वाटेतच त्यांनी प्राण सोडला.

ज्या शब्दांनी त्यांनी एका शहराला सावरले, त्याच शब्दांनी त्यांना हद्दपार केले. तरी त्यांनी शब्द गिळले नाहीत.

बंधूभगिनींनो, आपणही रोज कुणाला तरी समजावत असतो: घरी मुलांना, जमिनीच्या वाटणीत भावाला, रुसलेल्या शेजाऱ्याला. युक्तिवाद आपल्याकडे भरपूर असतो, डोळ्यांत पाणीही येते. परंतु समोरचा माणूस आधी आपले वागणे पाहतो. आपले शब्द आणि आपले जीवन एकमेकांशी जुळावेत, यासाठी या संताची मध्यस्थी मागूया.