शेवटच्या कडव्यातला वामन

साठच्या दशकातल्या गाण्यांचा विषय निघाला की आमच्या काही मित्रांचे डोळे पाणावतात. रेडिओ सिलोन, बिनाका गीतमाला, विविध भारती, बाबूजींची भावगीते... रविवारच्या पुरवण्या वर्षानुवर्षे या आठवणींवर चालल्या आहेत. चालोत बापड्या. पण त्याच दशकात मुंबईच्या चाळींत, मराठवाड्याच्या वस्त्यांत आणि आमच्या नागपुरात इंदोरा-पाचपावलीपासून पार कामठीपर्यंत जे गाणे रात्ररात्र गायले जात होते, त्याची आठवण कोणत्या पुरवणीत येते? हजारो माणसे थंडीत कुडकुडत पहाटेपर्यंत जे गाणे ऐकत बसली, ते लोकप्रिय नव्हते काय?

एक योगायोग सांगतो. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीची विविध भारती सुरू झाली. त्याच दिवशी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. सिनेमाच्या गाण्याला त्या दिवसापासून सरकारी यंत्रणा मिळाली. आमच्या गाण्याला मिळाली फक्त माणसे. या माणसांच्या तोंडी ज्यांचे शब्द होते त्यांत पहिले नाव वामनदादा कर्डकांचे. त्यांच्या जन्माची शंभर वर्षे २०२२ साली भरली. वस्त्यावस्त्यांत कार्यक्रम झाले, फोटोला हार पडले. पण त्या जीवनाची गोष्ट नव्या पोरांना सलग कोणी सांगितली, असे आम्हाला दिसले नाही. म्हणून हा प्रपंच.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे गाव. घरी दारिद्र्य आणि महारकीचे जिणे. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा हे पोर सात वर्षांचे होते. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही.

नावाचेच बघा. बळीराजाला पाताळात घालणारा वामन हा महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त उघडा पाडलेला कपटी बटू. आपल्या विचाराच्या माणसाला हे नाव कानाला खटकते. खेड्यातल्या आईबापांनी कुठल्या भाबडेपणाने ते ठेवले असेल कोण जाणे! पण या वामनाने पुढची साठ वर्षे बळीच्या लेकरांना उभे करण्यात घालवली. त्या नावाचा अर्थच त्यांनी उलटा करून टाकला, असे आम्हाला नेहमी वाटते.

पोटामागे आईबरोबर ते मुंबईला आले. गिरणीत राबले, कोळसा वाहिला, चिक्की विकली, आइसफ्रूट विकले. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहताना समता सैनिक दलात गेले. तिथेच एकदा कोणीतरी पत्र वाचून दाखवायला दिले. अंगावर दलाचा गणवेश आहे, मान ताठ आहे, आणि हातातला कागद वाचता येत नाही! ही लाज त्यांच्या जिव्हारी लागली. देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. जोडाक्षरे त्यांनी शिकली ती दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. मुंबईच्या रस्त्यावर हिंडायचे आणि एकेक पाटी सोडवायची. ज्यांच्या गाण्यांवर आज विद्यापीठांत प्रबंध लिहिले जातात, त्यांची शाळा ही अशी फूटपाथवर भरलेली होती.

तरुणपणी त्यांना सिनेमात नट व्हायचे वेड होते. स्टुडिओच्या दारात उभे राहायचे, गर्दीतला माणूस म्हणून काम मिळाले तर करायचे. पडद्यावर तोंड काही दिसले नाही. मात्र त्या वेडातून एक गोष्ट हाती लागली. सिनेमाच्या चाली डोक्यात पक्क्या बसल्या. १९४३ साली एका हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर त्यांनी गंमत म्हणून शब्द बसवले. ऐकणारे खूश झाले. आपल्याला हे जमते, हे त्या दिवशी त्यांना कळले.

सिनेमाच्या चालीवरची गाणी म्हणून पुढे अनेक विद्वानांनी नाके मुरडली. आम्हाला त्यांची कीव येते. गिरणीतून सुटलेला, अक्षरशत्रू कामगार रात्री आठला मंडपात येऊन बसतो. चाल त्याच्या कानात आधीच आहे, कारण कोपऱ्यावरच्या हॉटेलचा रेडिओ दिवसभर तीच वाजवतो. मग नवे शब्द तेवढे शिकायचे उरतात. दोनदा ऐकले की तिसऱ्या वेळी सगळा मंडप गातो, आणि सकाळी तेच गाणे घरी जाते. सत्यशोधकांच्या जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातला गण-गवळण बदलला होता. आंबेडकरी जलसाकारांनी तीच वाट धरली आणि वामनदादांनी ती सिनेमापर्यंत नेली. शिवाय त्यांचे गाणे तिथेच थांबले नाही. लावणी, कव्वाली, गझल, ओवी, सगळे ढंग त्यांनी हाताळले.

सिनेमाने त्यांना एकदा आत घेतलेही. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. तो पुण्यात विजयानंद टॉकीजमध्ये शंभराहून अधिक आठवडे चालला. वसंत पवारांचे संगीत असलेल्या या सिनेमातले एक गाजलेले गाणे वामनदादांचे होते. आजही ते ऑर्केस्ट्रात वाजते आणि गीतकार कोण हे शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नसते. एवढ्या यशानंतर दुसरा कोणी सिनेसृष्टीतच घर करून राहिला असता. वामनदादा मात्र सभांना, मंडपांना आणि एस.टी.च्या प्रवासालाच बांधलेले राहिले.

याचे कारण १९५६ मध्ये आहे. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीने दर आठवड्याला गीतरामायण ऐकवले. घराघरांत लोक रेडिओला हार घालून बसत. त्याच्या चाली गोड आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण ते संपून सहा महिनेही झाले नव्हते, तोच १४ ऑक्टोबरला नागपुरात व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर लाखो माणसांनी राम-कृष्णाला देव न मानण्याची प्रतिज्ञा घेतली. आता त्यांनी गायचे काय? बारशाला काय, लग्नाला काय, मयताला काय? जुन्या ओव्या, भजने, आरत्या सोडायच्या म्हणजे जिभेवरची सवय सोडायची. पुढे दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. एवढ्या मोठ्या जनसमूहाला दु:खासाठी आणि नव्या धम्मासाठी एकदमच शब्द लागले. ते कोण पुरवणार होते? रेडिओ पुरवणार नव्हता. ते पुरवले वामनदादांनी, भीमराव कर्डकांच्या पिढीने आणि खेड्यापाड्यांतल्या शेकडो अनाम शाहिरांनी.

आम्ही तेव्हा शाळकरी होतो. दीक्षाभूमीवर आजचा स्तूप नव्हता, मोकळे मैदान होते. दसऱ्याच्या आधीपासून वस्तीत पाहुणे उतरत. रात्री गॅसबत्तीच्या उजेडात, सतरंज्यांवर बायाबापड्या पोरे मांडीवर घेऊन बसत. बाजाची पेटी, ढोलक, बुलबुलतरंग आणि समोरासमोर दोन पार्ट्या. कव्वालीचा मुकाबला! आमच्या नागपूरच्या नागोराव पाटणकरांसारख्या कव्वालांनी हा प्रकार विदर्भात गाजवला. एका पार्टीने सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातच जबाब द्यायचा. मध्येच कोणीतरी उठून एक रुपया बक्षीस द्यायचा आणि त्याचे नाव, गाव माइकवरून पुकारले जायचे. पार्टी कुणाचीही असो, तासाभरात एक तरी गाणे वामनदादांचे निघायचेच.

त्यांचे एक गाणे टाटा-बिर्लांच्या संपत्तीत आमचा हिस्सा कुठे आहे, असा रोखठोक जाब विचारते. ते इतर ठिकाणी कसे ऐकले जात होते आम्हाला ठाऊक नाही. नागपुरात ते गाणे लांबच्या कुणा शेठजीविषयीचे नव्हते. टाटांची एम्प्रेस मिल आमच्या शहरात १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली. मंडपात बसलेल्या कित्येकांचे बाप आणि आजे त्या मिलच्या भोंग्यावर उठले नि झोपले. ते गाणे लागले की पुरुषमंडळी टाळ्या वाजवत नसत, गप्प होत. २००२ मध्ये ती मिल कायमची बंद झाली. हिशेब राहिला तो राहिलाच.

इकडे पक्षाचे काय चालले होते? दुरुस्त आणि नादुरुस्त असे गट लवकरच पडले. १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो लोक तुरुंगात गेले, तेव्हा काही काळ समाज पुन्हा एक दिसला. मग पुन्हा फाटाफूट. वामनदादांनी यावर गप्प बसण्याचा शहाणपणा केला नाही. बाबासाहेबांच्या विचाराची खरी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही उरली नाहीत, ही खंत त्यांनी गझलेत बांधली. ज्या व्यासपीठावर पुढारी बसलेले असत, त्याच व्यासपीठावरून ती गायली जाई. आणि पुढारी माना डोलावत! प्रत्येकाला ते गाणे दुसऱ्या गटाविषयी आहे असे वाटायचे. गटांनी कार्यालये वाटून घेतली, झेंडे वाटून घेतले. वामनदादांची गाणी मात्र कोणत्याही गटाला वाटून घेता आली नाहीत.

घरसंसाराच्या बाबतीत दैव म्हणावे तर आपला त्यावर विश्वास नाही. पण वाट्याला दु:ख फार आले. एकुलती एक मुलगी लहानपणीच गेली. पुढे सारा महाराष्ट्रच त्यांचे घर झाला. ज्या गावी कार्यक्रम, तिथल्या कार्यकर्त्याच्या घरी भाकरी, आणि जाताना बरेचदा नवे गाणे तिथेच कागदावर सोडून जायचे. कागद गेले, वह्या गेल्या. हजारो गाणी लिहिली म्हणतात. पुस्तकांत आली ती त्यातली थोडी. ‘वाटचाल’ १९७३ ला, ‘मोहळ’ १९७६ ला, ‘हे गीत वामनचे’ १९७७ ला.

गाण्यावर आपली मालकी सांगायला त्यांच्याजवळ एकच साधन होते. शेवटच्या कडव्यात वामन हे नाव गुंफायचे. संतांनी हेच केले, शाहिरांनी हेच केले. साठच्या दशकात मंडपातले गायक ते कडवे मान लववून गात. नंतर कॅसेटचा जमाना आला. आम्ही ऐंशीच्या दशकात मैदानाबाहेरच्या एका पथारीवरून भीमगीतांची एक कॅसेट घेतली होती. कव्हरवर गायकाचा फोटो मोठा, कंपनीचे नाव त्याहून मोठे, गीतकाराचे नाव नाही. घरी येऊन लावली तर एका गाण्याचे शेवटचे कडवेच गायब! वेळेत बसावे म्हणून कापले असेल, की नाव नको म्हणून? पथारीवाल्याला विचारले तर तो हसला. हे काम कुणा मनुवाद्याने केले नव्हते. विकणारे आपले, गाणारे आपले, घेणारे आपण. गाण्याचे पैसे कुणाकुणाच्या खिशात गेले ते गेले, पण कवीचे नावसुद्धा आपल्याच घरात चोरीला गेले, हे आम्हाला जास्त लागते.

मान मिळाला नाही असे मात्र नाही. १९९३ साली वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन झाले, त्याचे अध्यक्षपद विदर्भाने या पाटीवरून अक्षरे शिकलेल्या माणसाला दिले. पदव्यांच्या माळा असलेले अनेकजण तेव्हा रांगेत होते. त्या निर्णयाचा आम्हाला आजही अभिमान आहे. १५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदेही गेले. लिहिणारा आणि गाणारा, दोघेही एकाच उन्हाळ्यात.

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या रात्री आमच्या वस्तीत एक कॉलेजात जाणारी मुलगी माइकवर गात होती. तिने मोबाइलमध्ये बघून वामनदादांचे गाणे म्हटले, शेवटच्या कडव्यासकट. खाली उतरल्यावर तिने आम्हाला विचारले, काका, हा वामन कोण, बळीराजाचा का? आम्ही तिला घरी नेले, ‘वाटचाल’ची जीर्ण प्रत हातात दिली. तिने ती तिथेच बसून वाचायला घेतली, आणि मध्येच वही मागितली.