अर्नेस्ट एमरी कॉडमन

डॉ. अर्नेस्ट एमरी कॉडमन (जन्म : बोस्टन, अमेरिका, ३० डिसेंबर १८६९, मृत्यू : २३ नोव्हेंबर १९४०) हे अमेरिकन शल्यचिकित्सक होते. खांद्याच्या दुखापती व विकार यांच्या आधुनिक अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण खरोखर बरा झाला की नाही, हे रुग्णालयांनी तपासून जाहीर करावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यापायी त्यांना प्रतिष्ठेची पदे गमवावी लागली.

सुरुवातीचे जीवन

कॉडमन यांनी हार्वर्ड विद्यापीठातून १८९५ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली. विद्यार्थिदशेत, १८९४ च्या सुमारास, त्यांनी व त्यांचे सहाध्यायी हार्वे कुशिंग यांनी भूल दिलेल्या रुग्णाच्या स्थितीची शस्त्रक्रिया चालू असतानाच तक्त्यावर नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. भूलशास्त्रातील नोंदींचा हा आरंभ मानला जातो. १८९५ अखेरीस क्ष-किरणांचा शोध लागल्यावर त्यांनी निरोगी सांध्यांच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास केला. पुढे ते बोस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल रुग्णालयात शल्यचिकित्सक झाले. १८९९ मध्ये कॅथरीन बोडिच यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

खांद्याविषयीचे कार्य

त्या काळी खांदेदुखीकडे पुष्कळदा वाताचा विकार म्हणून पाहिले जाई. दुखण्याचे मूळ अनेकदा सांध्याभोवतीच्या कंडरांमध्ये, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या तंतुमय पट्ट्यांमध्ये असते, हे कॉडमन यांनी दाखवून दिले. हात बाजूला उचलण्यास मदत करणाऱ्या सुप्रास्पिनेटस स्नायूची तुटलेली कंडरा त्यांनी १९०९ मध्ये शस्त्रक्रियेने जोडली आणि १९११ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

१९३४ मध्ये त्यांनी 'द शोल्डर' हा ग्रंथ स्वखर्चाने प्रकाशित केला. 'फ्रोझन शोल्डर' हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. कंबरेतून वाकून दुखरा हात सैल सोडायचा व लंबकासारखा झुलवायचा, हा व्यायामही त्यांच्या नावाने ओळखला जातो. या स्थितीत हाताचे वजनच सांध्याला हलकी ओढ देते. हात उचलण्यासाठी स्नायूंना जोर लावावा लागत नाही.

अंतिम परिणामांची नोंद

प्रत्येक रुग्णाचा किमान वर्षभर पाठपुरावा करावा, उपचार फसले असल्यास त्याचे कारण शोधावे आणि ते लपवू नये, अशी कॉडमन यांची पद्धत होती. १९११ मध्ये त्यांनी या तत्त्वावर स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. १९११ ते १९१६ या काळात तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या उपचारांत १२३ चुका झाल्याचे त्यांनी स्वतःच छापून जाहीर केले.

ज्येष्ठतेऐवजी परिणाम पाहून शल्यचिकित्सकांची नेमणूक व्हावी, ही त्यांची मागणी मान्य झाली नाही. त्यामुळे १९१४ मध्ये त्यांनी मॅसेच्युसेट्स जनरल रुग्णालयाचा राजीनामा दिला. ६ जानेवारी १९१५ रोजी बोस्टनमधील वैद्यकीय सभेत त्यांनी एक व्यंगचित्र सर्वांसमोर ठेवले. शहरातील धनिक रुग्णवर्ग वाळूत डोके खुपसलेल्या शहामृगाच्या रूपात दाखवला होता आणि तो डॉक्टरांकडे सोन्याची अंडी ढकलत होता. सभेत खळबळ माजली. कॉडमन यांना वैद्यकीय संघटनेच्या स्थानिक शल्य विभागाचे अध्यक्षपद सोडावे लागले आणि हार्वर्डमधील पदही गेले. पुढे त्यांचे रुग्णालयही बंद पडले.

उत्तरायुष्य आणि वारसा

डिसेंबर १९१७ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात भीषण स्फोट झाला, तेव्हा जखमींवर उपचार करण्यासाठी ते तेथे गेले. १९२० च्या सुमारास त्यांनी हाडांच्या कर्करोगाची नोंदणी सुरू केली. हाडाच्या गाठीच्या क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या एका खुणेला 'कॉडमन त्रिकोण' म्हणतात.

मृत्यूनंतर त्यांच्या दफनस्थानी नामफलकही नव्हता. तो २०१४ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या पुढाकाराने बसवण्यात आला. दरम्यान, अमेरिकेत १९५१ मध्ये रुग्णालयांच्या मानांकनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. उपचारांच्या परिणामांची मोजदाद हा आता जगभर रुग्णालयीन गुणवत्तेचा भाग मानला जातो. पुणे जिल्ह्यातील शिरूर किंवा दौंडसारख्या तालुक्याच्या गावी आखडलेल्या खांद्याच्या रुग्णाला हात झुलवण्याचा जो साधा व्यायाम शिकवला जातो, तोही कॉडमन यांचाच वारसा आहे.