एक फळी काढा, लगेच लावा : मार्क ब्रुनेल

ब्रुनेल म्हटलं की सिव्हिलवाल्यांना इझाम्बार्ड ब्रुनेल आठवतो, पूल आणि रेल्वेवाला. हा लेख त्याच्या वडिलांवर आहे. मार्क ब्रुनेलचं मोठं काम कोळशाच्या खाणीत नाही, नदीखाली झालं. तरी आम्ही मायनिंगवाले त्याला आपलाच मानतो!

कारण असं. खाणीत सर्वात धोक्याची वेळ कोणती? कोळसा निघालाय, नवीन छत उघडं पडलंय आणि त्याला अजून टेकू लागलेला नाही, ती वेळ. आणि टेकू किंवा रूफ बोल्ट बसवणारा माणूस तर सगळ्यात पुढे असतो. ब्रुनेलने ही उघडी जागा एका फळीएवढी छोटी केली.

जन्म 1769, नॉर्मंडी. राजाच्या बाजूचा म्हणून 1793 मध्ये फ्रान्समधून पळावं लागलं. आधी अमेरिका, मग 1799 मध्ये इंग्लंड. तिथे पोर्ट्समथला जहाजांच्या कप्प्या बनवणारी यंत्रं त्याने उभारली. 110 कारागिरांचं काम 10 साधे मजूर करू लागले. पण पैशाचा हिशोब त्याला कधीच जमला नाही. सैन्यासाठी बूट बनवले, युद्ध संपलं, बूट पडून राहिले. 1821 मध्ये कर्जापायी तो बायकोसह तुरुंगात गेला. रशियाला निघून जाईल या भीतीने इंग्रज सरकारने 5,000 पौंड भरून सोडवलं.

त्याआधी 1818 मध्ये त्याने शील्डचं पेटंट घेतलं होतं. जहाजाचं लाकूड पोखरणारा किडा बघून ही कल्पना सुचली असं सांगतात. किडा डोक्यावरच्या कवचाने पोखरतो आणि मागे बिळाला अस्तर करत जातो.

थेम्स नदीखाली 1807-08 मध्ये कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी लाकडी टेकू लावत बोगदा नेऊन पाहिला होता. पाणी शिरलं, काम सोडावं लागलं. ब्रुनेलने 1825 मध्ये सुरुवात केली. लोखंडाच्या 12 फ्रेम, प्रत्येकीत एकावर एक 3 खण, म्हणजे 36 माणसं एकाच वेळी खणणार. समोरच्या मातीला आडव्या फळ्या, स्क्रू जॅकने दाबून धरलेल्या. माणसाने एकच फळी काढायची, साडेचार इंच खणायचं, फळी पुढे सरकवून परत जॅक आवळायचा. मगच दुसरी. सगळ्या झाल्या की फ्रेम पुढे ढकलायची आणि मागे गवंडी लगेच विटा बांधणार. वर छताला आधार कायम!

आजच्या लाँगवॉल खाणीत हेच दिसतं. शिअरर कोळसा कापत जातो, मागोमाग हायड्रॉलिक सपोर्ट एकेक करून पुढे सरकतात. त्यांनाही शील्डच म्हणतात. स्क्रूच्या जागी तेलपाण्याचा दाब आला, एवढंच.

पण शील्ड माती धरते, पाणी नाही. खोलवर सरकती वाळू असल्याने बोगदा नदीच्या तळाच्या जवळून नेला होता, म्हणजे वरचं छत पातळ. वर कंपनीचे चेअरमन शील्डला उधळपट्टी म्हणायचे, काम भरभर हवं असायचं. पैसे कमी पडले म्हणून शिलिंग घेऊन प्रेक्षक आत सोडले. आत गटाराचं पाणी, गॅस, आजारी कामगार. (मॅनेजमेंट तेव्हाही मॅनेजमेंटच होतं.)

साइट इंजिनिअर आजारी पडला तेव्हा काम इझाम्बार्डने हातात घेतलं. वय 20! म्हणजे आपल्याएवढा. मे 1827 मध्ये नदी आत शिरली. मातीच्या गोण्या टाकून भोक बुजवलं. 12 जानेवारी 1828 ला परत शिरली आणि 6 माणसं मेली. इझाम्बार्ड जखमी होऊन कसाबसा वाचला. पैसे संपले, शील्डसमोर भिंत बांधून काम 7 वर्षं बंद ठेवलं.

साठी ओलांडलेल्या माणसाने इथे सोडून दिलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. ब्रुनेलने सरकारी कर्ज मिळवलं, नवीन, जास्त मजबूत शील्ड बसवली आणि परत त्याच मातीत उतरला. पुन्हा पाणी, पुन्हा उपसा. 1841 मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. 25 मार्च 1843 ला सुमारे 396 मीटरचा बोगदा पायी चालणाऱ्यांसाठी उघडला, तेव्हा तो 73 वर्षांचा होता. गाड्यांसाठी उतरते रस्ते बांधायला पैसेच उरले नव्हते.

12 डिसेंबर 1849 ला तो गेला. 1869 पासून त्या बोगद्यातून रेल्वे धावते, आजही.