व्याकरणकार लिंडले मरे

वार्षिक परीक्षा समीप आली म्हणजे इंग्रजी व्याकरणाचीं पुस्तकें कपाटांतून बाहेर निघतात. चुकीचीं वाक्यें शुद्ध करणें, शब्दांचें व्याकरण चालविणें, उतारा वाचून त्याखालील प्रश्नांचीं उत्तरें लिहिणें, असा क्रम घरोघरीं सुरू होतो. हे अभ्यासाचे प्रकार जगांतील असंख्य शाळांतून रूढ करण्याच्या कामीं ज्या एका पुरुषाचा फार मोठा वाटा आहे, त्याचें नांव मात्र आज थोड्याच विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. लिंडले मरे हे व्यवसायानें शिक्षक नव्हते. कोणत्याहि विद्यापीठाचे पंडित नव्हते. त्यांचें व्याकरण प्रसिद्ध झालें तेव्हां त्यांचें वय पन्नासाच्या घरांत होतें आणि शरीर इतकें दुर्बळ झालें होतें कीं, थोडें चालणेंहि त्यांस कठीण जाई. अशा मनुष्यानें बसल्या जागेवरून दोन खंडांतील मुलांस भाषा शिकविली. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या मातापित्यांसहि बोधप्रद होईल, अशी आशा आहे.

लिंडले मरे यांचा जन्म १७४५ सालीं उत्तर अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत झाला. त्या काळीं तो प्रदेश इंग्लंडच्या राज्याखालीं होता. त्यांचे वडील रॉबर्ट मरे यांनीं व्यापारांत मोठें यश मिळविलें व पुढें न्यूयॉर्क येथें आपलें बिऱ्हाड नेलें. त्या शहराच्या एका भागास आजहि मरे हिल असें म्हणतात, तें याच घराण्यावरून. बारा भावंडांमध्यें लिंडले हे सर्वांत वडील. हें कुटुंब क्वेकर नांवाच्या ख्रिस्ती पंथाचें होतें. युद्धापासून दूर राहावें, शपथ घेऊं नये, वेष व भाषण साधें असावें, आणि प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणांत ईश्वराचा प्रकाश आहे असें समजून सर्वांशीं वागावें, अशी या पंथाची शिकवण आहे.

रॉबर्ट मरे हे मुलांवर प्रेम करणारे, परंतु शिस्तीचे मोठे कडक होते. थोरल्या मुलानें आपला व्यापार चालवावा अशी त्यांची इच्छा असल्यामुळें त्यांनीं त्यास लहानपणींच पेढीवर बसविलें. लिंडलेचें मन मात्र जमाखर्चापेक्षां पुस्तकांत अधिक रमे. एके प्रसंगीं वडिलांची आज्ञा मोडल्याबद्दल त्यास शिक्षा झाली. ती त्या तेजस्वी मुलाच्या मनास इतकी झोंबली कीं, तो कोणास न सांगतां घर सोडून निघून गेला. घरांतून पळालेला मुलगा कोठें जाईल? हा मुलगा न्यू जर्सी प्रांतांतील बर्लिंग्टन गांवीं गेला व तेथील एका वसतिगृहाच्या शाळेंत फ्रेंच भाषा शिकूं लागला! पुढें त्याचा ठाव लागला, तो घरीं परतला, आणि बापलेकांचा समेट झाला. उतारवयांत या गोष्टीची आठवण लिहितांना मरे यांनीं दोष वडिलांच्या माथीं मारलेला नाहीं.

तरीहि धंद्याचा प्रश्न उरलाच. मुलास वकील व्हावयाचें होतें. वडिलांस तें पसंत नव्हतें. या वेळीं लिंडले यांनीं रागानें घर सोडलें नाहीं. त्यांनीं कागद घेतला, आपलें म्हणणें मुद्देसूद लिहून काढलें, आणि तें लेखी निवेदन वडिलांपुढें ठेविलें. रॉबर्ट मरे यांनीं तें आपले वकील बेंजामिन किसाम यांस दाखविलें. किसाम यांस तें इतकें आवडलें कीं, मुलाचा कल मोडूं नये असा सल्ला त्यांनीं दिला, व पुढें त्यास आपल्याच हाताखालीं घेतलें. त्या कचेरींत मरे यांचे सहाध्यायी होते जॉन जे. हेच पुढें अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश झाले. ज्या गोष्टीसाठीं एकदां घर सुटलें, तीच गोष्ट नीट लिहिलेल्या चार शब्दांनीं साधली. भाषा शुद्ध व स्पष्ट असण्याचें मोल मरे यांस याच प्रसंगीं कळलें असल्यास नवल नाहीं.

१७६७ सालीं त्यांचा विवाह हॅना डॉब्सन यांच्याशीं झाला. वकिलीचा जम बसत असतांच अमेरिकेंत स्वातंत्र्ययुद्ध पेटलें. युद्धापासून दूर राहाण्यासाठीं मरे पतिपत्नी लाँग आयलंड बेटावरील आइस्लिप गांवीं जाऊन राहिलीं. देशांत मिठाचा तुटवडा पडल्यामुळें मरे यांनीं तेथें मीठ तयार करण्याचा कारखाना आरंभिला. पण बेट इंग्रजी फौजेच्या ताब्यांत गेलें आणि तो उद्योग वायां गेला. कांहीं वर्षांनीं ते न्यूयॉर्कला परतले, व्यापारांत पडले, आणि युद्ध संपेपर्यंत पुढील आयुष्यास पुरेल इतकें धन त्यांनीं मिळविलें.

आतां सुखानें राहावें असा विचार करावा, तोंच प्रकृतीनें दगा दिला. स्नायूंची शक्ति क्षीण होऊं लागली, पाय शरीराचा भार सोसीनात. हवापालटाकरितां इंग्लंडांतील यॉर्क परगण्यांत जावें असा वैद्यकीय सल्ला मिळाला, म्हणून १७८४ सालीं उभयतां समुद्र ओलांडून तिकडे गेलीं. यॉर्क शहराच्या अगदीं जवळ होलगेट येथें त्यांनीं घर घेतलें. प्रकृति सुधारली म्हणजे मायदेशीं जावें असा बेत होता. परंतु तो योग आला नाहीं. पुढील सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं त्याच घरांत काढिलीं.

अशा स्थितींत पुष्कळांनीं दैवाला बोल लावून दिवस कंठिले असते. मरे यांनीं चालतां येत नाहीं हें स्वीकारलें आणि काय करतां येईल याचा विचार केला. बसून वाचतां येत होतें, लिहितां येत होतें. आधीं त्यांनीं थोर स्त्रीपुरुषांच्या अंतकाळच्या धर्मनिष्ठेविषयीं एक पुस्तक १७८७ सालीं रचलें व त्याच्या प्रती आसपासच्या लोकांस विनामूल्य वांटल्या. पुढें व्याकरणाचें कार्य आलें, तें त्यांनीं आपण होऊन अंगावर घेतलें नव्हतें. यॉर्क येथें क्वेकर पंथीयांनीं १७८५ सालीं मुलींची एक शाळा काढिली होती. तेथील तरुण शिक्षिकांस मुलींना इंग्रजी शिकविण्यासाठीं सोपें व व्यवस्थित पुस्तक हवें होतें. त्यांनीं मरे यांस तशी लेखी विनंति केली. हें काम आपल्या हातून नीट होईल कीं नाहीं, असा संकोच त्यांस वाटला. तरी अखेर त्यांनीं तें पत्करलें. त्यांचें इंग्रजी व्याकरण १७९५ सालीं यॉर्क येथें छापून प्रसिद्ध झालें. एका गांवांतील मुलींच्या शाळेची गरज भागावी, एवढाच हेतु होता; परंतु थोड्याच वर्षांत तें पुस्तक इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत शाळाशाळांतून शिरलें, आणि त्याच्या व त्याच्या संक्षेपाच्या लाखों प्रती खपल्या.

या पुस्तकांत नवे शोध नव्हते. लौथ, ब्लेअर, प्रीस्टली इत्यादि पूर्वीच्या विद्वानांचे ग्रंथ वाचून त्यांतील सार आपण एकत्र केलें आहे, असें मरे मोकळेपणें सांगत. त्यांचें कौशल्य मांडणींत होतें. वर्णविचार, शब्दविचार, वाक्यविचार व छंदोविचार असे चार भाग त्यांनीं केले. मुलांनीं पाठ करावयाचे नियम मोठ्या टाइपांत छापले, आणि मोठ्या विद्यार्थ्यांकरितां असलेलें विवेचन बारीक टाइपांत दिलें. त्यामुळें एकाच पुस्तकावर लहान मूल व मोठा विद्यार्थी आपापल्या शक्तीप्रमाणें अभ्यास करूं शके.

केवळ नियम पाठ करून भाषा येत नाहीं, हें मरे पूर्णपणें जाणत होते. म्हणून १७९७ सालीं त्यांनीं अभ्यासाचें, म्हणजे उदाहरणांचें, स्वतंत्र पुस्तक काढिलें. त्यांत जाणूनबुजून चुका ठेविलेलीं वाक्यें होतीं. कोठें वर्णांची चूक, कोठें कर्ता व क्रियापद यांचा मेळ नाहीं, कोठें विरामचिन्हें नाहींत, तर कोठें अर्थच संदिग्ध. विद्यार्थ्यानें चूक शोधावी, सुधारावी, आणि कोणत्या नियमानें सुधारली तें सांगावें, अशी ती योजना. आपल्या रोजच्या अनुभवांतील उदाहरण घेऊं. पुस्तकांनीं भरलेली पेटी जड आहे, हें इंग्रजींत सांगतांना विद्यार्थी बॉक्स ऑफ बुक्स असे शब्द घेतो, आणि बुक्स हा अनेकवचनी शब्द कानाशीं असल्यामुळें पुढें इज न लिहितां आर लिहितो. नियम त्यास पाठ असतो. पण कर्ता बॉक्स आहे कीं बुक्स, हें पाहाण्यास तो थांबत नाहीं. अशीं शेंकडों वाक्यें तपासल्यावर मगच डोळ्यांस थांबण्याची संवय लागते. ही संवय परीक्षेच्या आदल्या रात्रीं लागत नाहीं.

या उदाहरणांचीं शुद्ध उत्तरें मरे यांनीं किल्ली या नांवानें निराळ्या पुस्तकांत छापलीं. ही गोष्ट लहान दिसते, पण तिच्यांत त्यांची सारी दृष्टि आहे. शिक्षकांच्या व घरीं एकट्यानें शिकणाऱ्यांच्या सोयीसाठीं उत्तरें असावींत. पण तीं प्रश्नाच्या शेजारीं नसावींत. आधीं स्वतः प्रयत्न करावा, मग किल्ली उघडावी. उत्तर पाहून प्रश्न सोडविणारा विद्यार्थी गुरुजींस फसवीत नाहीं. फसतो तो स्वतःच, आणि हें त्यास परीक्षेच्या दालनांत कळतें, कारण तेथें किल्ली नसते.

व्याकरणाच्या जोडीस वाचन पाहिजे, म्हणून १७९९ सालीं मरे यांनीं उत्तम गद्यपद्य उतारे निवडून वाचनाचें पुस्तक सिद्ध केलें. अशुद्ध किंवा हीन विचारांचा एकहि उतारा त्यांत येऊं नये याविषयीं ते फार दक्ष होते. आरंभीं त्यांनीं मोठ्यानें वाचण्याचे नियम दिले: कोठें थांबावें, कोणत्या शब्दावर जोर द्यावा, आवाज केव्हां चढवावा व केव्हां उतरावा. हे नियम केवळ शोभेचे नव्हते. तूं काल हें पुस्तक आणलेंस काय, हा साधा प्रश्न घ्या. जोर तूं या शब्दावर दिला, कालवर दिला, किंवा पुस्तकावर दिला, तर प्रत्येक वेळीं निराळें उत्तर द्यावें लागतें. योग्य शब्दावर जोर देऊन ज्यास वाचतां येतें, त्यास उतारा समजला. ज्यास समजला नाहीं, त्याचें वाचनच तें सांगून देतें. अमेरिकेचे पुढें अध्यक्ष झालेले अब्राहाम लिंकन हे गरिबींत वाढत असतां ज्या थोड्या पुस्तकांवर शिकले, त्यांत मरे यांचें हें वाचनाचें पुस्तकहि होतें.

मरे यांच्या कार्याचा धागा आपल्या प्रांतापर्यंतहि येऊन पोंचतो. त्यांच्या व्याकरणाचें मराठी रूपांतर १८३७ सालीं मुंबईस छापलें गेलें. त्याच्या आदल्याच वर्षीं, १८३६ सालीं, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण प्रसिद्ध झालें होतें, व त्याची मांडणीहि इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. अंध मुलांस बोटांनीं वाचतां यावें म्हणून अमेरिकेंतील बोस्टन येथें १८३५ सालीं मरे यांच्या पुस्तकाची उठावाच्या अक्षरांची आवृत्ति निघाली. स्वतः घराबाहेर पडूं न शकणाऱ्या मनुष्याचें पुस्तक असें देशोदेशीं फिरलें.

पुस्तकांपासून मिळालेलें द्रव्य मरे यांनीं स्वतःसाठीं ठेविलें नाहीं. तें परोपकाराकडे लाविलें. त्यांची राहाणी साधी होती. होलगेटच्या बागेची त्यांस मोठी आवड होती. त्या बागेंतील त्यांची बसावयाची लहानशी मंडपी पुढें यॉर्क येथील माउंट या मुलींच्या शाळेंत नेऊन जतन करण्यांत आली. आयुष्याचीं अखेरचीं सुमारें सोळा वर्षें ते घराबाहेर पडूं शकले नाहींत. तरी भेटीस येणाऱ्यांस ते प्रसन्नमुखच दिसत, आणि त्यांची पत्नी हॅना सदैव त्यांच्या सेवेंत असे. १८२६ सालीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. पत्नीच्या पश्चात् आपल्या संपत्तीचा उपयोग गुलामगिरींतील काळ्या लोकांस मुक्त करणें, त्यांच्या वंशजांस शिक्षण देणें, अमेरिकेंतील मूळ रहिवाशांस विद्यादान करणें व गरिबांस साहाय्य करणें, या कामीं व्हावा, अशी व्यवस्था त्यांनीं करून ठेविली होती.

मरे यांच्या पुस्तकांवर टीकाहि झाली, हें सांगितलें पाहिजे. त्यांचे नियम कांहीं ठिकाणीं फार ताठर आहेत, इंग्रजी भाषेवर त्यांनीं लॅटिनचें जोखड ठेविलें, असे आक्षेप विद्वानांनीं घेतले. इतकेंच नव्हे, तर १८६८ सालीं मून नांवाच्या टीकाकारानें मरे यांच्याच लेखनांतील अशुद्धें दाखविण्यासाठीं एक पुस्तक लिहिलें. ज्यानें जगास शुद्ध लिहिण्यास शिकविलें, त्याच्याहि हातून चुका झाल्या! यांत विद्यार्थ्यांनीं हंसण्यासारखें कांहीं नाहीं. धीर घेण्यासारखें मात्र पुष्कळ आहे. मरे स्वतः आवृत्तीमागून आवृत्ति तपासून पुस्तक सुधारीत राहिले. दुसऱ्याच्या वाक्यांतील चूक शोधण्यास शिकविणाऱ्या या गृहस्थानें स्वतःचीं वाक्यें तपासण्याचा कंटाळा कधीं केला नाहीं.

परीक्षा जवळ आली आहे. तुमच्या वह्यांतून तांबड्या शाईच्या खुणा असतील. त्या पाहून खिन्न होऊं नका, आणि त्या झांकूनहि ठेवूं नका. रोज पांच चुकीचीं वाक्यें घ्या, किल्ली मिटून ठेवा, नियम आठवा, आणि स्वतः सुधारा. एक उतारा मोठ्यानें वाचा. घरांतील कोणास तरी ऐकूं द्या, आणि त्यांस अर्थ कळला कीं नाहीं तें विचारा. मातापित्यांनींहि मुलाच्या चुका मोजतांना त्यानें स्वतः शोधलेल्या चुका किती, हें अवश्य पाहावें. यॉर्कजवळच्या एका घरांत, उठूं न शकणाऱ्या एका मनुष्यानें एक एक वाक्य नीट करीत हें सर्व कार्य उभें केलें. आपले पाय धड आहेत आणि अद्यापि कांहीं आठवडे हातीं आहेत. तेव्हां पहिलें वाक्य आजच घ्यावें.