विश्लेषण : अधिकाऱ्यांच्या भत्त्याचा हिशेब मांडणारे गोखले… करदात्यांच्या पैशाचा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी कसा गाजला?

महापालिका असो, जिल्हा परिषद असो की मंत्रालय, अधिकाऱ्यांचे भत्ते, गाड्या आणि बंगले यांवरचा खर्च दर अर्थसंकल्पात चर्चेत येतो. ही चर्चा नवी नाही. ब्रिटिश अमदानीत युरोपीय अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या एका भत्त्याचा हिशेब पुण्याच्या एका तरुण प्राध्यापकाने थेट लंडनमध्ये जाऊन मांडला होता. ते प्राध्यापक म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. महात्मा गांधींचे राजकीय गुरू म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग सरकारी जमाखर्चाची चिकित्सा करण्यात गेला.

आठ रुपयांतले शिक्षण

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा गोपाळ १३ वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपये महिन्याची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवत. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गोखले पदवीधर झाले. पुढे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिक्षक झाले आणि नंतर डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. ७५ रुपये वेतनावर त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन केले. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे विषय त्यांनी शिकवले. अंकगणिताचे त्यांचे पाठ्यपुस्तकही गाजले. न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली सरकारी अहवाल वाचण्याची, त्यातले आकडे ताडून पाहण्याची शिस्त त्यांना लागली.

‘विनिमय भरपाई भत्ता’ काय होता?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदीचा भाव कोसळला आणि चांदीवर आधारलेला रुपयाही घसरला. १८७३ च्या सुमारास सुमारे दोन शिलिंगांना असलेला रुपया १८९०च्या दशकाच्या मध्यात १४ पेन्सच्या आसपास आला. (१२ पेन्स म्हणजे एक शिलिंग.) हिंदुस्थानातील युरोपीय अधिकाऱ्यांना पगार रुपयांत मिळे, पण अनेकांची कुटुंबे इंग्लंडमध्ये असत. तिकडे पैसे पाठवताना त्यांना तोटा होऊ लागला. अडचण खरी होती.

त्यावर सरकारने १८९३ मध्ये तोडगा काढला. पगाराची निम्मी रक्कम, वर्षाला एक हजार पौंडांच्या मर्यादेत, बाजारभावाऐवजी १८ पेन्स या सवलतीच्या दराने धरायची आणि दोन दरांतला फरक सरकारी तिजोरीतून द्यायचा. ज्यांचे कायमचे वास्तव्य हिंदुस्थानात नव्हते, अशा युरोपीय अधिकाऱ्यांसाठी ही सोय होती. संबंधित अधिकारी खरोखर पैसे मायदेशी पाठवतो का, हे पाहिले जात नव्हते. त्याच पदावरील हिंदी अधिकाऱ्याला मात्र हा भत्ता नव्हता.

एका अधिकाऱ्यामागे किती खर्च?

उदाहरण म्हणून महिना २,००० रुपये पगाराचा अधिकारी घेऊ. निम्मा पगार १,००० रुपये. १८ पेन्सच्या दराने त्याचे होतात १८,००० पेन्स. बाजारात रुपया १४ पेन्सला असेल, तर तेवढे पेन्स मिळवायला सुमारे १,२८६ रुपये लागतात. म्हणजे पगाराव्यतिरिक्त दरमहा २८६ रुपये. गोविंदरावांच्या १५ रुपयांच्या नोकरीत एवढी रक्कम मिळवायला १९ महिने लागले असते.

हा पैसा येत होता करांतून. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. या हिशेबाने एका अधिकाऱ्याच्या एका महिन्याच्या भत्त्यासाठी सुमारे ११४ मण मिठावरचा कर खर्ची पडत होता. मीठ तर सर्वांत गरीब घरातही लागते.

वेल्बी आयोगापुढे काय घडले?

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने १८९५ मध्ये लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. दादाभाई नौरोजी आयोगाचे सदस्य होते. एप्रिल १८९७ मध्ये गोखले यांची साक्ष झाली, तेव्हा त्यांचे वय ३० होते. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रमण्य अय्यर यांनीही साक्षी दिल्या. गणेश व्यंकटेश जोशी यांनी गोखले यांना आकडेवारीची तयारी करून दिली होती.

गोखले यांनी भरपाई भत्त्याचा बोजा वर्षाला एक कोटी रुपयांच्या घरात असल्याचे दाखवले. त्यांचा आक्षेप केवळ रकमेवर नव्हता. सरकारी तिजोरी अडचणीत असताना, करदात्यांवर बोजा वाढत असताना हा खर्च मंजूर झाला होता. मंजूर करणारे आणि लाभ घेणारे एकाच वर्गातले होते. ज्यांच्या खिशातून पैसा जात होता, त्यांना खर्चावर मत देण्याचा अधिकारच नव्हता. सगळ्या उधळपट्टीचे मूळ या रचनेत आहे, ही त्यांची मांडणी होती.

आयोगाचा अहवाल १९०० मध्ये आला. बहुमताने मूळ रचना बदलण्याची शिफारस केली नाही. दादाभाई, विल्यम वेडरबर्न आणि डब्ल्यू. एस. केन यांनी भिन्नमतपत्रिका जोडली.

रुपया वधारला, कर मात्र तसेच

१९०१ च्या अखेरीस फिरोजशहा मेहता यांच्या जागी गोखले केंद्रीय कायदेमंडळात गेले. मार्च १९०२ मध्ये त्यांचे पहिले अर्थसंकल्पीय भाषण झाले. सरकारने सात कोटी रुपयांहून अधिक शिल्लक दाखवली होती आणि कौतुकाची अपेक्षा होती. गोखले यांनी ते नाकारले.

त्यांचा हिशेब असा : रुपया १३ पेन्सवर घसरला तेव्हाची तूट भरण्यासाठी कर चढे ठेवले गेले. पुढे रुपया १६ पेन्सवर स्थिरावला आणि इंग्लंडला पाठवायच्या रकमेचा भार हलका झाला. तरीही कर कमी झाले नाहीत. शिल्लक उरली ती यातून. रुपया घसरला तेव्हा अधिकाऱ्यांना लगेच भरपाई मिळाली. रुपया सावरला तेव्हा करदात्याला सवलत मिळाली नाही.

कायदेमंडळात तेव्हा अर्थसंकल्पावर चर्चा करता येई, मतदान करता येत नसे. तरी गोखले दरवर्षी करकपातीची मागणी करत राहिले. १९०३ मध्ये मिठावरचा कर दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. प्राप्तिकराची सूटमर्यादाही १९०३ मध्ये ५०० वरून १,००० रुपये झाली. ही कपात फक्त गोखले यांच्यामुळे झाली असे म्हणता येणार नाही, पण या मागण्या त्यांनी सातत्याने लावून धरल्या होत्या.

स्थानिक संस्थांचा प्रश्न

गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते. गटारे, पाणी, शाळा, दवाखाने ही कामे स्थानिक संस्थांची, उत्पन्नाची मोठी साधने मात्र वरच्या सरकारची, हा पेच त्यांनी जवळून पाहिला. केंद्राची शिल्लक स्थानिक संस्थांना आरोग्य आणि शिक्षणासाठी द्यावी, अशी मागणी त्यांनी वारंवार केली. १९०९ च्या कायद्याने ठराव मांडण्याची मुभा मिळाल्यावर १९११ मध्ये त्यांनी वाढत्या सरकारी खर्चाच्या चौकशीचा ठराव मांडला.

त्याच वर्षी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळावा आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, अशी योजना होती. १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. आक्षेपांमध्ये खर्चाचा मुद्दाही होता.

अखेरची जबाबदारी

१९०५ मध्ये गोखले काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी त्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या सदस्यांनी स्वतःसाठी कमाई करायची नाही, असा नियम होता. १९१४ मध्ये देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला.

१९१२ मध्ये सरकारी सेवांची भरती, पगार आणि रजा यांच्या चौकशीसाठी लॉर्ड इस्लिंग्टन आयोग नेमला गेला आणि गोखले त्याचे सदस्य झाले. लंडनला साक्षीदार म्हणून गेलेले गोखले आता साक्षीदारांना प्रश्न विचारत होते. मधुमेहाने प्रकृती ढासळत असतानाही त्यांनी हे काम सोडले नाही. अहवाल पूर्ण होण्याआधीच १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. तो अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला.