संख्या थोडी, अभ्यास मोठा

परमपूज्य बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांनी कोलंबिया व लंडनच्या पदव्या मिळवल्या, हे आपल्या घरातलं पोरही सांगतं. त्या विद्येने राजकारणात काय केलं, ते आम्ही थोडक्यात मांडत आहोत.

१९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पार पराभव झाला. घटना समितीचे सदस्य प्रांतिक कायदेमंडळं निवडणार होती आणि मुंबईत पाठीशी मतं नव्हती. दार बंद झालं. बाबासाहेब रडत बसले नाहीत. त्यांनी बंगालकडे पाहिलं. तिथे जोगेंद्रनाथ मंडल यांनी मतं जमवली आणि बाबासाहेब निवडून आले.

१७ डिसेंबर १९४६ रोजी ते समितीत बोलले. अस्पृश्यांपुरतंच बोलतील, अशी अनेकांची अटकळ होती. त्यांनी एकसंध, बलवान देशाची बाजू मांडली; विरोधकही ऐकत राहिले. पुढे फाळणीत बंगालची जागा गेली. तेव्हा त्यांच्या ज्ञानाची गरज ओळखून, राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून, काँग्रेसनेच जुलै १९४७ मध्ये त्यांना मुंबईतून निवडून आणलं. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष तेच झाले. अस्पृश्यता नष्ट करणारं १७ वं कलम संविधानात आलं.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. संख्या आपल्या हाती नसते, अभ्यास असतो. म्हणून विहारात मुलांना वंदनेनंतर तासभर वाचायलाही बसवूया. हीच खरी आदरांजली. जयभीम!