लॉकेटमधील निरोप

नामान सेनापतीच्या घरातील लहान दासी आपणांस ठाऊक आहे. तिच्याजवळ औषध नव्हते. योग्य ठिकाणी तिने शब्द तेवढा उच्चारला आणि रोगी बरा झाला. असाच एक शब्द लखनौहून इंग्लंडच्या राजवाड्यापर्यंत नेणाऱ्या स्त्रीची ही हकिगत आहे.

कुमारी एलिझाबेथ बीलबी जनाना मिशनच्या सेविका म्हणून लखनौला आल्या, त्याला आता दीडशे वर्षे होत आली. वैद्यकाचे थोडे शिक्षण त्यांनी घेतले होते. पदवी मात्र नव्हती. पडद्यातील स्त्रीला परपुरुषाने तपासणे त्या काळी घरोघरी निषिद्ध असे. त्यामुळे साध्या उपचाराने वाचू शकल्या असत्या अशा कित्येक माता बाळंतपणात दगावत. बीलबीबाईंनी स्त्रियांसाठी दवाखाना उघडला आणि त्यांचे नाव दूरवर पसरले.

१८८१ साली बुंदेलखंडातील पन्ना संस्थानच्या आजारी महाराणीसाठी त्यांना बोलावणे आले. महाराणी बऱ्या झाल्या. निरोपाच्या वेळी त्यांनी दासींना बाहेर पाठवले आणि बाईंकडून वचन घेतले की, हिंदुस्थानातील स्त्रिया आजारपणात काय सोसतात हे त्यांनी स्वतः राणी व्हिक्टोरियाच्या कानी घालावे. तो निरोप इवल्याशा कागदावर लिहून लॉकेटमध्ये ठेवण्यात आला. त्याच वर्षी जुलैत बाईंनी तो राणीच्या हाती दिला. राणीला ही स्थिती ठाऊक नव्हती; ती हेलावली आणि हे दुःख सर्वांना कळू द्यावे, अशी तिने मोकळीक दिली.

पुढच्याच वर्षी पुण्यात हंटर आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी स्त्री डॉक्टरांची निकड मांडली. अशा अनेक आवाजांचे फळ म्हणून, राणीच्या इच्छेनुसार, लेडी डफरिन यांनी १८८५ मध्ये राष्ट्रीय निधी उभारला. त्यातून स्त्रियांसाठी रुग्णालये निघाली. डॉक्टर, परिचारिका व सुइणींना शिक्षण मिळू लागले. लखनौचे स्त्री-रुग्णालय आज वीरांगना अवंतीबाईंचे नाव धारण करते. तरी लोकांच्या तोंडी ते अजून डफरिनच आहे.

परंतु वाचकहो, बीलबीबाईंचे मोठेपण केवळ निरोप पोहोचवण्यात नाही. इतरांकडे डॉक्टर मागताना स्वतःची उणीव त्यांनी झाकली नाही. पुन्हा विद्यार्थिनी होऊन त्यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे वैद्यकाची पदवी मिळवली आणि त्या परत आल्या. पुढे लाहोरच्या लेडी एचिसन रुग्णालयात त्यांनी स्त्रियांची सेवा केली.

आजही आपल्या शेजारी एखादी सून, एखादी आजी दुखणे अंगावर काढीत असेल. तिचा निरोप राजवाड्यात न्यावयाचा नाही. जवळच्या दवाखान्यापर्यंत न्यावयाचा आहे. तो आपण नेऊ ना?